खासगीतले बोल आणि चव्हाट्यावरचा राग

या सदरात एरवी वेगवेगळ्या विषयांवरचे प्रश्न घेतले जातात. या वेळी मात्र आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाशी येऊन थांबली. आपसांतल्या गटात, कोणी तिसरे वाचत नाही असे समजून लिहिलेले अपमानकारक मत बाहेर आले, तर ते लिहिणाऱ्याचे, बाहेर काढणाऱ्याचे आणि वाचून संतापलेल्यांचे काय करायचे, हा तो प्रश्न. म्हणून या अंकातील जागा त्याच पत्रांना दिली आहे. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

प्रश्न (पुणे) : स. न. वि. वि. आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या व्यवस्थापक समितीचा नऊ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे आणि खजिनदार म्हणून मी त्यात आहे. एका सभासदाने आपला फ्लॅट एका कुटुंबाला भाड्याने देत असल्याचे कळवले, तेव्हा आमच्या सेक्रेटरींनी त्या कुटुंबाच्या आडनावावरून जात काढली, अत्यंत हीन शब्द वापरले आणि ‘काहीतरी कारण सांगून परत पाठवा’ असे सुचवले. चौघांनी लगेच संमती दिली. पुढे पाण्याच्या टंचाईचे कारण देऊन त्या कुटुंबाला नकार कळवण्यात आला. मी त्या दिवशी गप्प राहिले, पण स्क्रीनशॉट माझ्याजवळ आहे. मुलगी म्हणते, फेसबुकवर टाक. यजमान म्हणतात, खासगी ग्रुपमधले बाहेर नेणे हा विश्वासघात आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या यजमानांचा मुद्दा मी हलका मानत नाही. आपसांत बोललेले प्रत्येक वाक्य उद्या बाहेर जाणार अशी भीती बसली, तर माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलेनाशी होतील, आणि मोकळे बोलताच आले नाही तर चुकीचे मत कोणाच्या तरी विरोधाने बदलण्याची वाटही बंद होईल. परंतु आपण वर्णन केलेला ग्रुप या अर्थाने खासगी नाही. ती समिती सभासदांनी निवडून दिलेली आहे, कोणाचा अर्ज पुढे सरकवायचा आणि कोणाचा अडवायचा हे ती तिथे ठरवते, आणि सेक्रेटरींनी लिहिलेल्या वाक्याचा परिणाम म्हणून एका कुटुंबाला घर मिळाले नाही. कार्यालयाचे दार लावून घेतले म्हणून आतला कारभार घरगुती ठरत नाही.

मत आणि कृती यांतला हा फरक अमेरिकेतल्या एका प्रकरणात फार ठळकपणे दिसला होता, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगते. २०१४ सालच्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचे आपल्या मैत्रिणीशी झालेले संभाषण ध्वनिमुद्रित होऊन एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाले. कृष्णवर्णीयांबरोबरची छायाचित्रे लोकांना दाखवू नकोस, त्यांना माझ्या सामन्यांना आणू नकोस, असे ते तिला बजावत होते. आणि त्यांच्याच संघातले बहुतेक खेळाडू कृष्णवर्णीय होते. २५ एप्रिलला ध्वनिफीत बाहेर आली, देशभर संताप उसळला आणि २९ एप्रिलला लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंग यांच्यावर तहहयात बंदी घालून २५ लाख डॉलरचा दंड केला. कॅलिफोर्नियात गोपनीय संभाषण सर्वांच्या संमतीविना मुद्रित करणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ती ध्वनिफीत मुळात कशी निघाली यावरही वाद झाला. थोर बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार यांनी तेव्हा ‘टाइम’ नियतकालिकात लिहिलेल्या लेखात स्टर्लिंग यांच्या वंशद्वेषाचा निषेध तर केलाच, पण एका माणसाचे घरातले बोलणे चोरून मुद्रित होते आणि आपण ते कानात प्राण आणून ऐकतो, याचाही राग यायला नको का, असे त्यांनी विचारले.

या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट त्या ध्वनिफितीच्या आधीची आहे. स्टर्लिंग यांचा मूळ व्यवसाय घरे भाड्याने देण्याचा होता. आपल्या इमारतींत कृष्णवर्णीयांना, हिस्पॅनिक लोकांना आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांना घरे नाकारल्याचा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय विभागाने २००६ साली त्यांच्यावर दावा लावला होता, आणि आरोप अमान्य करत का होईना, २००९ साली २७ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरून त्यांनी तो मिटवला होता. ही बाब सरकारी कागदपत्रांत आणि वर्तमानपत्रांत उघड होती. तरीही तेव्हा बंदी आली नाही, जाहिरातदारांनी हात काढून घेतले नाहीत, खेळाडूंनी निषेध म्हणून गणवेश उलटे घातले नाहीत. ज्या कृत्याने माणसांची घरे गेल्याचा आरोप होता त्यावर समाज जवळपास स्वस्थ राहिला, आणि दिवाणखान्यातल्या बोलण्याने मात्र चार दिवसांत सगळे हादरले. पुढे तो संघ २०० कोटी डॉलरना विकला गेला. स्टर्लिंग यांनी तो १९८१ साली सव्वा कोटी डॉलरना घेतला होता. बोलणे ऐकून आलेला राग खोटा होता असे मी म्हणत नाही, परंतु ज्यांना घर मिळाले नव्हते त्यांच्या पदरात त्या रागातून काही पडले नाही.

आपल्या सोसायटीत नेमके हेच होऊ नये असे मला वाटते. आपण स्क्रीनशॉट फेसबुकवर टाकलात तर सेक्रेटरींच्या नावाने दोन दिवस शिव्यांचा पाऊस पडेल, त्यांच्या मुलांना फोन जातील, ज्या कुटुंबाचा अपमान झाला त्याचे आडनाव हजारो अनोळखी लोकांच्या तोंडी होईल, आणि फ्लॅट रिकामाच राहील. म्हणून क्रम वेगळा ठेवावा. प्रथम समितीला लेखी पत्र द्या की हा नकार जातीच्या कारणाने दिला गेला आहे, आपला त्याला विरोध आहे, आणि ही नोंद इतिवृत्तात घ्यावी. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने आगाऊ कळवणे पुरेसे असते. म्हणजे समितीने आपल्याकडे नसलेला अधिकार वापरला आहे, आणि त्या मालक-सभासदाला सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. घरांच्या बाबतीत आपला कायदा सगळीकडे भक्कम आहे असे नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा उपविधी केला होता आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. परंतु असा उपविधी नसताना, पाण्याच्या टंचाईच्या आडून, जातीवरून घर नाकारणे हे निराळे आहे. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केलेल्या देशात तर ते लाजिरवाणे आहे.

आणि तो स्क्रीनशॉट त्या कुटुंबाला दाखवा. तो जितका आपला आहे त्याहून अधिक त्यांचा आहे. त्यांना तक्रार करायची असेल, वृत्तपत्राकडे जायचे असेल किंवा हे सगळे विसरून दुसरीकडे सुखाने राहायचे असेल, तर तो निर्णय त्यांनी घ्यावा. आपण साक्षीला उभ्या राहाल एवढे मात्र त्यांना सांगा. त्या दिवशी गप्प राहिल्याची बोच आपल्या पत्रात जाणवते. ती कमी करण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.

प्रश्न (ठाणे) : माझा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीत असताना त्याने तीन मित्रांच्या ग्रुपमध्ये वर्गातल्या दोन मुलींविषयी आणि दुसऱ्या धर्माच्या लोकांविषयी फार घाण लिहिले होते. त्यातल्या एका मित्राशी आता भांडण झाले आणि त्याने ते सगळे इन्स्टाग्रामवर टाकले. मुलगा चुकला आहे, हे मी आई म्हणून नाकारत नाही. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. पण आता अनोळखी लोक आम्हाला फोन करतात, त्याला कॉलेजातून काढा म्हणून मोहीम चालली आहे, आणि माझ्या पोळी-भाजी केंद्राला, जिथे कधीही न आलेले लोक, गूगलवर एक-एक तारा देऊन शिव्या लिहीत आहेत. आम्ही काय करायचे?

उत्तर : आपण चूक झाकायचा प्रयत्न केला नाहीत, याबद्दल आपल्याविषयी आदर वाटतो. इथे दोन वेगळे हिशेब आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका. एक आपल्या मुलाचा त्या दोन मुलींशी आहे. दुसरा त्या अनोळखी लोकांचा आपल्याशी. लोकांनी आपल्यावर अन्याय केला म्हणून मुलाचे देणे फिटत नाही, आणि मुलाने घाण लिहिली म्हणून आपल्या दुकानावर धावून येण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

मुलींचा हिशेब आधी. आपला मुलगा आज ज्या यातनेतून जात आहे, तिच्यात त्या मुलीही आहेत, आणि त्यांचा तर काही दोष नाही. त्यांची नावे, त्यांच्याविषयीचे ते शब्द आज त्यांच्या नातेवाइकांनीही वाचले असतील. मुलाने इन्स्टाग्रामवर जाहीर माफीनामा टाकू नये, कारण तो मुलींपेक्षा प्रेक्षकांसाठी लिहिला जाईल. शाळेतल्या एखाद्या विश्वासू शिक्षिकेच्या हाती त्याने स्वतःच्या अक्षरात पत्र द्यावे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शब्द त्यात नसावेत. आपण काय लिहिले होते आणि ते का चुकीचे होते, हे असावे. वय, मित्र, मस्करी यांची ढाल नसावी. आणि उत्तराची अपेक्षा नसावी. मुलींना पत्र वाचायचे नसेल तर शिक्षिकेने ते परत आणावे आणि विषय तिथेच थांबावा. दुसऱ्या धर्माविषयी त्याने जे लिहिले, त्याची भरपाई एका पत्राने होणारी नाही. त्याच्या वर्गात त्या धर्माची मुले असतील. त्यांच्याशी तो पुढे कसा वागतो, यावरच ते ठरेल.

कॉलेजने काय करावे, याविषयी मत बनवताना दोन उदाहरणे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. २०१७ साली हार्वर्ड विद्यापीठाने किमान दहा विद्यार्थ्यांना दिलेला प्रवेश मागे घेतला, कारण फेसबुकवरच्या एका बंद गटात त्यांनी लैंगिक अत्याचार, ज्यूंचा नरसंहार आणि लहान मुलांचे मृत्यू यांवर किळसवाणे विनोद केले होते. संस्थेने त्यांची नावे जगापुढे मांडली नाहीत. शिक्षा कठोर होती, पण ती संस्था आणि विद्यार्थी यांच्यात राहिली. दुसरे उदाहरण क्रिकेटचे आहे. इंग्लंडचा गोलंदाज ओली रॉबिन्सन २०२१ सालच्या जूनमध्ये लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळत होता, त्याच दिवशी त्याने अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली वंशद्वेषी आणि स्त्रियांना हिणवणारी ट्वीट्स वर आली. ती खासगी नव्हती, हा फरक लक्षात ठेवायला हवा. त्याला निलंबित केले गेले, चौकशी झाली, आठ सामन्यांची बंदी आणि ३,२०० पौंडांचा दंड झाला. त्यांपैकी पाच सामन्यांची बंदी स्थगित ठेवली गेली, आणि ऑगस्टमध्ये तो ट्रेंट ब्रिजवर भारताविरुद्ध पुन्हा गोलंदाजी करत होता. भारताचा चाहता म्हणून त्याने घेतलेले पाच बळी मला आवडले नाहीत, पण ती शिक्षा मला न्याय्य वाटली. तिला कारण होते, माप होते आणि शेवट होता. जमावाच्या शिक्षेला यांतले काहीच नसते. दहा वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी आपल्या मुलाचे नाव शोधेल आणि तेच स्क्रीनशॉट जणू कालचे असल्यासारखे पुन्हा समोर येतील. म्हणून कॉलेजने चौकशी करावी, त्याचे म्हणणे ऐकावे, गरज वाटल्यास दंड किंवा समुपदेशन ठरवावे. फोनच्या संख्येवर निर्णय घेऊ नये, अशी लेखी विनंती आपण प्राचार्यांना करावी.

आता आपल्या दुकानाविषयी. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे २०१२ सालच्या नोव्हेंबरमध्ये तिथे काय झाले हे आपल्याला आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर झालेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली, आणि दोघींना अटक झाली. त्या मुलीने कोणाला हीन लेखले नव्हते, म्हणून तिच्या लिखाणाची आपल्या मुलाच्या लिखाणाशी बरोबरी होत नाही. परंतु जमाव कुठे गेला ते पाहा. तो तिच्या काकांच्या दवाखान्यावर गेला आणि त्याने तिथे तोडफोड केली. काकांनी तर काहीच लिहिले नव्हते. पुढे त्या मुलींवरचा खटला मागे घेतला गेला, संबंधित पोलीस अधिकारी निलंबित झाले, आणि याच घटनेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर टाकणे हा गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. एखादे मत चीड आणणारे आहे एवढ्याने तो गुन्हा होत नाही, चर्चा आणि पुरस्कार यांच्या पुढे जाऊन चिथावणी झाली तरच कायद्याने हात घालावा, असे त्या निकालाचे सूत्र आहे. राज्यसत्तेच्या हातून ते कलम गेले. दवाखाना फोडणारी वृत्ती मात्र आता दगडाऐवजी तारे देते.

त्या फोनचे क्रमांक, वेळ आणि मजकूर लिहून ठेवा. पुनरावलोकनांचे स्क्रीनशॉट त्यांच्या दुव्यांसह जपा. गूगलकडे ती खोटी असल्याची तक्रार नोंदवा. मारण्याची किंवा दुकान फोडण्याची धमकी आली असेल तर स्थानिक पोलीस ठाण्यात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार करा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ नुसार धमकी हा गुन्हा आहे. फोनवर मात्र वाद घालू नका, मुलाच्या वतीने बाजूही मांडू नका. आणि दुकान बंद ठेवू नका. रोज येणारी माणसे आपल्याला ओळखतात.

प्रश्न (लातूर) : मी बौद्ध आहे आणि एका कार्यालयात वीस वर्षे नोकरी करतो आहे. माझ्या सहकाऱ्यांचा एक ग्रुप आहे, ज्यात मला आणि माझ्या समाजाच्या आणखी दोघांना घेतलेले नाही. त्यातल्या एका भल्या माणसाने मला तो ग्रुप दाखवला. आमच्या नोकऱ्या, आमची आडनावे, १४ एप्रिल, आमची मुले, कशालाही त्यांनी सोडलेले नाही. हेच लोक रोज माझ्या डब्यातले खातात. आता कोणी ‘खासगीपणाचा अधिकार’ म्हटले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अपमान करणाऱ्याला चार भिंतींचे संरक्षण, आणि ज्याचा अपमान झाला त्याला काय?

उत्तर : आपले पत्र मी तीनदा वाचले. मी अशा घरात वाढले जिथे पंगतीला बसून इतर जातींविषयी आपण लिहिले आहे तसेच बोलले जाई, आणि पाहुणे आले की भाषा बदलत असे. लहानपणी मला तो शिष्टाचार वाटे. ज्यांच्याविषयी ते बोलणे असे, ते आमच्या दारात येत, हसून बोलत. त्यांना काय ठाऊक आहे आणि काय नाही, याचा विचार मला फार उशिरा सुचला. त्यामुळे खासगीपणाच्या नावाने आपल्याला शांत राहा असे सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि ते मी सांगणारही नाही.

कायद्याचे उत्तर आपल्याला आवडणार नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातीवरून अपमान हा गुन्हा ठरण्यासाठी तो ‘लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी’ झालेला असावा लागतो. बाहेरच्या माणसांच्या अनुपस्थितीत चार भिंतींआड झालेला अपमान त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली उत्तराखंडच्या एका प्रकरणात पुन्हा सांगितले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अश्लील शब्दांविषयीच्या एका वेगळ्या प्रकरणात म्हटले की व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला वैयक्तिक पाठवलेला संदेश हे सार्वजनिक ठिकाण नव्हे, पण तोच मजकूर ग्रुपमध्ये टाकला असता तर वेगळा विचार करता आला असता. म्हणजे आपल्या सहकाऱ्यांचा ग्रुप कोणत्या बाजूला पडतो, यावर वकील दोन्हीकडून भांडू शकतात, आणि आपण निर्णय घेण्याआधी या कायद्याची प्रकरणे चालवणाऱ्या एखाद्या वकिलाला तो मजकूर दाखवावा, असा माझा आग्रह आहे.

पण आपला प्रश्न कायद्यापुरता नाही. खासगीपणा ही वरच्यांची सोय आहे का, असे आपण विचारता. मला वाटते, ज्यांना ती सर्वांत कमी मिळाली त्यांनाच तिची सर्वांत अधिक गरज होती. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले, आणि काही दिवसांनी काठ्या घेतलेल्या लोकांनी दारात येऊन, तू कोण आहेस, असे विचारून त्यांना बाहेर काढले. माणसाची जात काय हे विचारण्याचा आणि ते उघड करून त्याला रस्त्यावर आणण्याचा हक्क जमावाने आपल्याकडे घेतला होता. त्याच बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेसाठी लिहिलेल्या निवेदनात, नागरिकाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांची अवाजवी झडती होऊ नये, अशी तरतूद मागितली होती. ती तेव्हा संविधानात आली नाही. १९५४ आणि १९६२ सालच्या निकालांत न्यायालयानेही खासगीपणाला मूलभूत अधिकार म्हणून मान्यता दिली नाही, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने ती दिली, तेव्हा तिचा पाया माणसाच्या प्रतिष्ठेवर ठेवला. पुढच्याच वर्षी त्याच पायावर उभे राहून न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ त्या मर्यादेपर्यंत रद्द केले. हा अधिकार दुबळ्यांच्या कामी आला आहे, तो आपण टाकून देऊ नये असे मला मनापासून वाटते.

मात्र जो अधिकार प्रतिष्ठेवर उभा आहे, तो दुसऱ्याची प्रतिष्ठा पायदळी तुडवणाऱ्याने पुढे केला, तर त्याचे वजन कमी होते. आपल्या सहकाऱ्यांनी आपल्याला काही गुप्त ठेवण्याचा शब्द मागितला नव्हता आणि आपण तो दिला नव्हता. त्यांचे गुपित जपण्याचे कोणतेही ऋण आपल्यावर नाही. तेव्हा त्या ग्रुपमधल्या कोणाच्या हाती आपला गोपनीय अहवाल, बदली किंवा बढती आहे का, हे आधी पाहा. असेल तर तो मजकूर पुरावा आहे. वरिष्ठांकडे लेखी तक्रार करा, आपले मागच्या वर्षांचे अहवाल त्याला जोडा आणि शक्य असल्यास मजकुराची प्रत मूळ फोनवरून घ्या, कारण न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ज्यांच्या हाती अधिकार नाही, जे केवळ आपले समान सहकारी आहेत, त्यांना समोर बसवून तोच मजकूर त्यांच्याच आवाजात वाचायला सांगण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्यांची घरे, त्यांच्या मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण ती मुले त्या ग्रुपमध्ये नव्हती. क्षमा करायची की नाही, हे सर्वस्वी आपले आहे. डबा तर उद्यापासून एकट्यानेच खा. आणि ज्याने तो ग्रुप दाखवला त्याचे नाव शेवटपर्यंत जपा. त्याने फार मोलाची गोष्ट केली आहे.

प्रश्न (नाशिक) : आमच्या गावच्या मित्रांच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे. व्हॉट्सॲपवरचे संदेश कुलूपबंद असतात असे म्हणतात, मग ते बाहेर जातात कसे? आणि कोणी काही वाईट लिहिले तर मी अडकेन का?

उत्तर : २०१६ सालच्या एप्रिलपासून व्हॉट्सॲपचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत सांकेतिक रूपात जातात, वाटेत कंपनीलाही त्यातला मजकूर वाचता येत नाही. परंतु ते कुलूप फक्त वाटेवर आहे. ज्याच्या फोनवर संदेश पोहोचला तो त्याचा स्क्रीनशॉट घेऊ शकतो, संपूर्ण संभाषण फाइल करून पाठवू शकतो, किंवा फोन दुरुस्तीला देताना तसाच देऊ शकतो. ठरावीक काळाने नाहीसे होणारे संदेशही त्याआधी टिपता येतात. ग्रुपमध्ये पन्नास माणसे असतील तर पन्नास किल्ल्या आहेत, असे समजावे.

ॲडमिनविषयी २०२१ सालच्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिला आहे. ग्रुपमधल्या एकाने एका महिला सदस्याविषयी घाणेरडी भाषा वापरली आणि ॲडमिनने त्याला काढले नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराला, त्याच्याशी समान हेतू किंवा आधीची योजना नसेल, तर केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी जबाबदार होत नाही, असे सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. त्यामुळे आपण घाबरून ग्रुप मोडू नका. कोणी एखाद्या माणसाविषयी किंवा समाजाविषयी घाणेरडे लिहिले तर त्याच दिवशी, त्याच ग्रुपमध्ये, आपल्या नावाने विरोध नोंदवा. त्यानंतर तो मजकूर सर्वांसाठी काढून टाकण्याची सोय ॲडमिनला आता आहे. मजकुरात कोणाला मारहाणीची धमकी असेल तर मात्र पुसण्याआधी त्याची प्रत ठेवा आणि ज्याला धमकी आहे त्याला लगेच फोन करून सांगा.